तळणयंत्रातील तुटलेला स्टड व त्याची दुरुस्ती

लातूरच्या बाजारपेठेत तूर, हरभरा व सोयाबीन यांची मोठी आवक होते. परंतु हरभरा विकण्याऐवजी त्याचे बेसन करून शेव-फरसाण तळून विकल्यास दोन पैसे अधिक पदरी पडतात, हे लातूर व नांदेड जिल्ह्यांतील शेतकरी बंधूंस सांगावयास नको. या धंद्यास लागणाऱ्या गॅसच्या तळणयंत्रातील एका क्षुल्लक भासणाऱ्या भागाविषयी आम्ही येथे चार शब्द लिहीत आहो.

यंत्राच्या टाकीस आतून आटे पाडलेली एक खुंटी वेल्डिंगने जोडलेली असते; तिला स्टड म्हणतात. कित्येक यंत्रांत थर्मोस्टॅटचा बल्ब याच स्टडच्या आधाराने तेलात बुडालेला राहतो. नट फाजील आवळल्याने, झाऱ्याचे धक्के बसल्याने अथवा रोजच्या तापण्या-निवण्याने हा सांधा तुटतो. मग पुष्कळ जण बल्ब तारेने बांधून वेळ मारून नेतात. हे अत्यंत घातक होय. बल्ब तेलाबाहेर आला की त्यास तेलाची खरी उष्णता कळत नाही आणि जाळ बंद होत नाही. तळणीस सुमारे १८० अंश सेल्सिअस पुरे असतात. २३० अंशांच्या सुमारास तेल धुरावते आणि तसेच तापत राहिल्यास अखेरीस आपोआप पेट घेते.

टाकीस भोक पाडून बोल्ट बसविण्याचा मोहही टाळावा. तेथून झिरपलेले तेल खालच्या जाळावर पडते.

दुरुस्तीचा क्रम असा ठेवावा. प्रथम गॅस व वीज बंद करून सिलिंडर दूर न्यावा. तेल पूर्ण निवल्यावर काढून टाकी सोड्याच्या गरम पाण्याने धुवावी व कोरडी करावी. तेलकट जागी वेल्डिंग सच्छिद्र होते. बल्ब बाजूस काढावा व थर्मोस्टॅटच्या तारा सोडवाव्या. जुना खुंट घासताना टाकीचा पत्रा पातळ होऊ देऊ नये. पत्र्यास चीर गेली असल्यास आधी ती भरून घ्यावी. नवा स्टड टाकीच्याच जातीच्या पोलादाचा घ्यावा. जस्ताचा मुलामा दिलेला बोल्ट मुळीच वापरू नये, कारण वेल्डिंगच्या वेळी त्याचा धूर विषारी असतो. टाकी ३०४ जातीच्या स्टेनलेस पोलादाची असल्यास ३०८ जातीच्या सळईने आर्गॉन वेल्डिंग करवावे. अर्थ-क्लॅम्प सांध्याजवळच लावावा. सांधा चहूबाजूंनी भरून गुळगुळीत करावा, म्हणजे फटीत अन्नकण अडकणार नाहीत.

नंतर टाकीस बाहेरून खडूची पूड चोळून आत पाणी भरावे व काही तास ठेवावे. पूड ओली झाली नाही तर सांधा पक्का समजावा. पाणी निपटून टाकी पूर्ण वाळवावी, कारण राहिलेला थेंबही गरम तेलात उडून भाजतो. बल्ब मूळ जागी बसवून तेल तापवावे, आणि ठरविलेल्या अंशावर जाळ बंद होतो की नाही, हे निराळ्या तापमापकाने समक्ष पाहावे. तोवर यंत्र सोडून जाऊ नये. तेल पेटल्यास पाणी कदापि ओतू नये. गॅस बंद करून झाकण घालावे.

आमच्या मते हे काम जाणत्या कारागिराकडूनच करवावे. त्यास द्यावी लागणारी मजुरी खर्च वाटेल खरी. पण तारेच्या तुकड्यावर सारी शेड व त्यातील माणसे सोडणे यास काटकसर म्हणता येणार नाही.