जुनापाणीच्या माळावर

सुरतमधल्या कतारगामच्या हिऱ्याच्या कारखान्यात घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या चाकावर, बसून माझी बावीस वर्षं गेली. दिवाळीची सुट्टी लागली की मी भुसावळमार्गे नागपूरला ताईकडे जातो आणि भाऊबीज आटोपून काटोल रस्त्यानं जुनापाणीचा माळ गाठतो. शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर तिथं तीनेकशे शिळावर्तुळं आहेत. लोहयुगातल्या माणसांनी आपल्या मृतांभोवती रचलेली, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची. या नादात जे शिकलो, ते लिहितो.

१. पहिल्या दिवशी काही दिसत नाही. मला नुसते गोटे दिसले होते, गुडघ्याएवढे, गवतात अर्धे बुडालेले. दगड शोधू नका, मधला उंचवटा शोधा. आतल्या मातीच्या भरावामुळे जमीन मध्ये हलकी फुगलेली असते. एक वर्तुळ ओळखता आलं की शेजारची आपोआप दिसू लागतात.

२. उन्हाकडे पाठ करू नका. काही शिळांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेले आहेत, ओळीत. भर दुपारी माझ्या डोळ्यांसमोर असून ते दिसले नव्हते. सकाळचं तिरपं ऊन पडलं आणि प्रत्येक खळग्यात सावली भरली. हिऱ्याचा पैलू मी रोज दिव्याखाली फिरवून बघतो, तरी हे मला तिथं सुचायला दोन वर्षं लागली. रिव्हेट-कारनॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं १८७९ साली या वर्तुळांवर लेख प्रसिद्ध केला. असे खळगे त्याच्या मायदेशातल्या शिळांवरही आढळतात, याचं त्याला मोठं नवल वाटलं होतं. ते कशासाठी कोरले, हे अजून कुणी ठामपणे सांगू शकलेलं नाही.

३. काही उचलू नका. हे मी चूक करून शिकलो. दुसऱ्या वर्षी पावसानं उघडं पडलेलं एक काळं-तांबडं खापर मी खिशात घातलं आणि कतारगामला आणून देवघराशेजारी ठेवलं. पोरं विचारत, “बाबा, हे कुठल्या वर्तुळातलं?” मला सांगता येईना. आमच्याकडे हिऱ्याच्या पुडीवर वजन, रंग, सगळं लिहिलेलं असतं. पुडी हरवली की मालाची ओळखच जाते. त्या खापराची पुडी म्हणजे ती जागा होती. पुढच्या दिवाळीत ते परत नेलं, पण जागा सापडली नाही. पुरातत्त्व खात्यानं जुनापाणी संरक्षित केलेलं आहे, तिथली माती उकरणं गुन्हा आहे. पण कायदा नसता, तरी आता माझा हात खाली गेला नसता.

४. माळ बघितल्यावर वाचा. नागपूर विद्यापीठाच्या डॉ. शां. भा. देव यांनी जवळच्याच माहूरझरीला १९७०च्या सुमारास उत्खनन केलं. तिथं मृतांसोबत घोडे पुरलेले निघाले, तांब्याचे अलंकार घातलेले. नैकुंड या दुसऱ्या ठिकाणी लोखंड गाळायची भट्टी मिळाली. पण माझा जीव अडकला तो माहूरझरीच्या मण्यांत. अकीक, कार्नेलियन असे कठीण दगड घासून, भोक पाडून केलेले मणी! विजेची मोटर नाही, आयग्लास नाही. तो मणी कुणी घासला, त्याची पाठ आमच्यासारखी दुखायची का, हे मला कुठल्याच अहवालात सापडणार नाही, तरी वाचताना मी तेच शोधत असतो.

५. मोजे जाड घाला. कुसळं पोटरीपर्यंत शिरतात.

६. तिथल्या गुराख्यांशी बोला. एकदा एक म्हातारे गुराखी लांबून ओरडले, “भाऊ, त्या गोट्यावर बसू नका जी!” कारण विचारलं तर म्हणाले, “आत माणसं निजले हायेत.” मी उठलो. तेव्हापासून पाण्याची बाटलीसुद्धा वर्तुळाबाहेर ठेवतो.

७. वही ठेवा. मी पावलांनी व्यास मोजतो, शिळा मोजतो, खळगे असतील तर कुठल्या बाजूला ते टिपतो. एखादं वर्तुळ नऊ पावलांचं, एखादं वीस. यंदा बेचाळिसाव्यापासून पुढे.