चहागृहातून संगणकाकडे

लंडनच्या लायन्स कंपनीची दोन जुनी छायाचित्रे मी शेजारी ठेवून पाहिली. एकात चहागृहात वाढणाऱ्या मुली, दुसऱ्यात ‘लिओ’ संगणकाची कपाटे. दोहोंचा संबंध काय?

संस्थापकांपैकी ग्लुकस्टीन हे जर्मनीतून आलेले ज्यू कुटुंब. त्यांचा मूळ धंदा तंबाखूचा. १८९४ मध्ये कंपनीचे पहिले चहागृह निघाले. पुढे शाखा वाढल्या. कपाकपावर नफा थोडा, म्हणून पै-पैचा हिशेब हवा आणि कारकुनी खर्चही कमी हवा. नोव्हेंबर १९५१ मध्ये लिओने नेमाने हाती घेतलेले पहिले काम बेकरीच्या मालाच्या हिशेबाचेच होते. व्यापारी कामासाठी संगणकाचा तो जगातील पहिला नियमित वापर मानला जातो.

यंत्राच्या छायाचित्रात चहाचा कप दिसत नाही; पण त्याच्यावाचून त्या यंत्राचा इतिहास अपुराच राहतो, असे मला वाटते.