लेकीची इवली खोली

प्रश्न : दीड वर्षापूर्वी माझी नऊ वर्षांची मुलगी डेंग्यूने गेली. हल्ली मी पुठ्ठा आणि शाडूमातीतून तिची खोली छोट्या आकारात घडवते आहे. घरचे म्हणतात, जखम उकरू नकोस. थांबवू का?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, अजिबात थांबवू नका. सावरायचं म्हणजे गेलेल्याशी नातं तोडायचं, या समजुतीला शोकाचे अभ्यासक डेनिस क्लास आणि सहकाऱ्यांच्या १९९६च्या पुस्तकाने हादरा दिला. मूल गमावलेले आईवडील ते नातं वेगळ्या रूपात जपत जगतात, असं क्लास यांना दिसलं होतं.

अशा इवल्या खोलीसाठी बाहुलीघराचं रूढ प्रमाण १:१२, म्हणजे दहा फुटांची भिंत दहा इंचांची. एवढ्याशा जागेत दप्तर कुठे, चप्पल कुठे, हे तुम्ही ठरवता. आजारपणात काहीच हातात राहिलं नव्हतं. म्हणून हे ठरवणं मोलाचं आहे. रडू आलं तर येऊ द्या. तिच्या फ्रॉकचा तुकडा वापरायची मात्र घाई नको, कापलेलं परत जोडता येत नाही. तिच्या बाबांनाही एखादी वस्तू करायला द्या. खोली पूर्ण झालीच पाहिजे असंही नाही.

झोप-जेवण सुटलं किंवा जगणं नकोसं वाटलं, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर लगेच बोला.