जुनी मोटार टाकण्याआधी तिची पाण्याची धार बघा

बंदी सुरू झाली. ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर जेटीला बांधलेले, आणि दर्या खवळलेला असल्यामुळे आपल्या बहुतेक होड्याही माटवाखाली ओढलेल्या. या दिवसांत संस्थेत येणारा प्रश्न ठरलेला असतो : "मशीन बारा-पंधरा वर्षांचं झालं, आता टाकायचं की काय?"

आमचं म्हणणं असं की वय बघून मोटार टाकू नका. टू-स्ट्रोक आउटबोर्डची रचना साधी असते. ती मरते ती जास्त करून दोन कारणांनी : आत साचलेलं मीठ आणि झिजलेला इम्पेलर. दोन्हींचं काम घरच्या अंगणात होतं.

आधी आत काय चालतं ते बघू. मोटार थंड ठेवायला समुद्राचंच पाणी वापरतात. पंख्याच्या वर, खालच्या भागात रबराच्या पाकळ्यांचा छोटा पंप असतो, तोच इम्पेलर. तो जाळीतून पाणी ओढतो, नळीने वर डोक्यात सिलिंडरभोवती फिरवतो आणि बाहेर टाकतो. त्यातली थोडी धार बाजूच्या बारीक भोकातून बाहेर पडते. म्हातारे दोरी ओढल्याबरोबर विचारतात, "मशीन मुतता मां?" हसण्यासारखं वाटलं तरी मोटारीची पहिली तपासणी तीच आहे. धार जोरात, एकसारखी आणि हाताला कोमट लागली पाहिजे. बारीक झाली, तुटक आली किंवा वाफ दिसली, तर मोटार तापते आहे असं समजा.

तरीही चालवत राहिलं तर पिस्टन सिलिंडरमध्ये धरतो. हे घरासमोरच्या शांत पाण्यात झालं तर निदान फक्त खर्च. शापोरा किंवा साळ नदीच्या मुखावर, रेतीच्या पट्टीवर लाटा फुटत असताना झालं तर होडीतल्या माणसांच्या जिवाचा प्रश्न. आणि नेमकी तीच जागा इम्पेलरला वाईट. उथळ पाण्यात पंप रेती ओढतो आणि रबर घासतं. मुखावरून रोज ये-जा करणाऱ्यांचा इम्पेलर म्हणून लवकर जातो.

दर्यात धार बंद झाली तर लगेच मोटार बंद करा आणि वर उचला. बहुतेक वेळा जाळीवर प्लास्टिकची पिशवी नाहीतर झार चिकटलेली असते. ती काढा. धारेच्या भोकात जाड तंगुसाचा तुकडा घालून मीठ मोकळं करा. मग धार आली तर ठीक. नाही आली तर वल्ही काढा, शेजारच्या होडीला हाक मारा, पण "बंदरापर्यंत पोचेल" म्हणून मोटार रेटू नका.

आता धुण्याविषयी. वरून पाणी मारलं म्हणजे मोटार धुतली असं नाही, मीठ आत असतं. फळीला मोटार नीट आवळून बांधा, खाली मोठं पिंप ठेवा. शक्य तर पंखा काढून ठेवा. पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीच्या वर येईल इतकं गोडं पाणी भरा आणि न्यूट्रलमध्ये, मंद वेगावर दहा मिनिटं चालवा. खोलीत नाही, उघड्यावर, आणि पोरांना लांब ठेवून. पाण्याशिवाय एकदाही चालवू नका, कोरडा इम्पेलर काही सेकंदांत जळतो. एक गोष्ट घरच्या बायकांना जास्त ठाऊक : किनाऱ्यालगतच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात. पाणी जिभेवर लावून बघा. मचूळ लागलं तर दुसरीकडून आणा, नाहीतर धुण्याला अर्थ नाही.

इम्पेलर वर्षातून एकदा बदलावा, बंदीतच. सगळ्यात आधी स्पार्क प्लगची वायर काढा. मोटारीखाली जुनी साडी अंथरा, कारण आत शाफ्टवर एक इवलीशी चावी असते आणि ती रेतीत पडली की संपलं. गिअरच्या दांड्याचा जोड सोडवा, मग खालच्या भागाचे बोल्ट. ते गंजून बसलेले असतात. हातोडा मारू नका, ॲल्युमिनियम तडकतं. गंज सोडवायचं तेल घालून रात्रभर ठेवा. पंपाचं झाकण काढल्यावर पाकळ्या मोजा. एखादी तुटलेली असेल तर तिचा तुकडा शोधायलाच हवा, तो वर नळीत अडकलेला असतो. नवा इम्पेलर लावून तो आणि पंपाचा आतला भाग साबणाच्या पाण्याने ओला करा. झाकण खाली दाबताना शाफ्ट वरून बघून घड्याळाच्या दिशेने फिरवा, म्हणजे सगळ्या पाकळ्या योग्य बाजूला वाकतात. परत बसवताना पाण्याची नळी आपल्या रबरी खाचेत गेली की नाही ते टॉर्च लावून बघा. इथेच बहुतेकांचं चुकतं, आणि मग नवा इम्पेलर असूनही धार येत नाही. बोल्टला ग्रीस लावा, पुढच्या वर्षी आशीर्वाद द्याल.

खालचा भाग उघडलाच आहे तर गिअर ऑइलही बदला. जुनं दुधासारखं पांढरं निघालं तर आत पाणी शिरतंय. बऱ्याचदा पंख्याच्या मागे गुंडाळलेला तंगूस सील कापतो. नवं तेल खालच्या भोकातून भरा, वरच्यातून बाहेर येईपर्यंत. आधी वरचा स्क्रू लावायचा, मग खालचा.

इंधनाचं थोडक्यात. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या रबरी नळ्या खातं. बंदीत टाकीत पेट्रोल ठेवू नका, कार्बोरेटरही रिकामा करा. रॉकेलवर चालणारी मोटार बंद करण्याआधी थोडा वेळ पेट्रोलवर चालवा, नाहीतर सकाळी दोरी ओढून हात दुखतील. तेलाचं प्रमाण आपल्या मोटारीच्या पुस्तिकेत असेल तेच धरा. ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिली, २५ ला १ म्हणजे ४० मिली. "थोडं जास्त बरं" म्हणून अंदाजाने ओतलेलं तेल प्लग काळे करतं.

फ्लायव्हीलखालचं काम, क्रँकशाफ्ट, कॉइल मात्र घरी उघडू नका. तिथे मेकॅनिकला दिलेले पैसे वाया जात नाहीत.

इम्पेलर बदलल्याची तारीख मोटारीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने लिहून ठेवा. होडी पुढे भावाने चालवली, मुलाने चालवली, तरी त्याला कळेल. जुना इम्पेलर टाकू नका, कार्यालयात घेऊन या. त्याच मापाचा मागवायला तो बरोबर असलेला बरा.