एका पाकळीवरून ओळख

रेवा : आप्पा, मिरजगावच्या माळावर पावसाळ्यात गवतात एक गुलाबी-जांभळं फूल दिसतं. एकच पाकळी मोठी. गोकर्ण का?

आप्पा : रंग बघून नाव ठोकायची खोड आधी सोड. त्याच माळावर विष्णुक्रांता निळी-जांभळी फुलते. तिच्या पाकळ्या जोडून सपाट चकती झालेली, पानांवर रेशमी लव. गोकर्णाची पाकळी मोठी खरी, पण तो वेल. पान पाच-सात पर्णिकांचं, फळ चपटी शेंग. तुझं रोप वीतभर, पानं अरुंद, एकाआड एक, जवळपास बिनदेठाची नि कडेला बारीक दाते असतील, तर तो रतनपुरुष. चार पाकळ्या इवल्याशा. पाचवी खाली पसरलेली, देठाकडे निमुळती, बुडाशी फुगवटा. कुळ युरोपातल्या व्हायोलेटचंच. लिनियसने 1753 साली याला व्हायोला प्रजातीतच घातलं होतं. पुढे प्रजाती बदलत गेल्या. पाकळी आहे तशीच आहे.

रेवा : आणि फूल नसेल तेव्हा?

आप्पा : फळ बघ. वाटाण्याहून लहान, गोल. पिकलं की तीन शकलं होतात. बियांवर उभ्या रेघा.

रेवा : पण औषधी आहे ना? ओळख सांगितली की लोक उपटतील.

आप्पा : उपटतातच, पंचांगासाठी, म्हणजे अख्खं रोप औषधाला हवं म्हणून मुळासकट. पण उपटणाऱ्याला ओळख आधीपासून आहे गं! ज्यांना नाही, ते माळ कागदावर ‘पडीक’ लिहून मोकळे होतात. मिरजगावच्याच कर्जत तालुक्यात रेहेकुरीला 1980 साली काळविटांसाठी अभयारण्य झालं, जेमतेम 2.17 चौरस किलोमीटर. बाहेरच्या माळावर मात्र चर खणायचे, गिरिपुष्प लावायचं, वर हिरवाई केली म्हणून हार घालून घ्यायचे! विरळ बाभळीखाली रतनपुरुष खुशाल वाढतो. दाट सावलीत असली बुटकी, उन्हाची रोपं मागे पडतात. तिथे उपटायलाही कुणाला यावं लागत नाही.

रेवा : तरी नाव छापलं आणि कुणी पिशवी घेऊन आलं तर?

आप्पा : पुन्हा तेच! नाव छाप, गट नंबर छापू नकोस. माळावर झाडं लावायचा ठराव आला, तर तिथे आधीच काय उगवतं याची यादी नावानिशी पुढे ठेवावी लागते. ‘जांभळं फूल’ लिहिलेलं कोण वाचणार? फोटो बाजूने काढ, फुगवटा दिसला पाहिजे. समोरून काढलेल्या फोटोत नुसती गुलाबी पाकळी येते.