वीज गेल्यावर : घरगुती विद्युत्‌संचय आणि त्याचा उपयोग

१. तेल आणि वाती

तमिळनाडूतील कुंभकोणम हे नगर कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसलेले आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १७९९ पर्यंत या मुलुखाचा कारभार तंजावरच्या भोसल्यांकडे होता. त्यामुळे मराठी वाचकास हे नाव अगदीच परके नाही. नगराजवळच्या नाचियारकोविल या गावी पितळेच्या उंच समया घडविल्या जातात. समईच्या माथ्यावर तेलाची वाटी असते व तिच्या कडेला वातींसाठी पाच चोची असतात. एकच वात लावली तर तेल पुष्कळ वेळ पुरते. पाचही लावल्या तर प्रकाश वाढतो, पण वाटी लवकर रिकामी होते.

या पुस्तिकेत ज्या उपकरणाचा विचार करावयाचा आहे, त्याचे मर्म या समईत आले आहे. वीज गेल्यावर पंखा, दिवा, दूरचित्रवाणी वा संगणक चालू ठेवणारी बॅटरी म्हणजे तेलाची वाटी. तिच्यावर चालणारे प्रत्येक उपकरण म्हणजे एकेक वात. वाटी केवढी आहे आणि वाती किती लावल्या आहेत, हे ज्याने मोजले त्याची अंधारात फसगत होत नाही.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. २०१२ च्या सुमारास तमिळनाडूत विजेचा मोठा तुटवडा होता आणि चेन्नईबाहेरील जिल्ह्यांत दिवसाचे कित्येक तास पुरवठा बंद राहत असे. पुढे १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे ‘गाजा’ चक्रीवादळ नागपट्टिणम आणि वेदारण्यम यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आदळले. विजेचे असंख्य खांब उन्मळून पडले आणि अनेक खेड्यांत वीज परतण्यास बरेच दिवस लागले. पहिल्या संकटात वीज ठरावीक तासांनी येत होती. दुसऱ्यात ती केव्हा येईल हेच ठाऊक नव्हते. या दोन प्रसंगांसाठी करावयाची तयारी एकसारखी असू शकत नाही.

२. बॅटरीत काय साठते?

बॅटरीत वीज पाण्यासारखी भरून ठेवलेली असते, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः तेथे रासायनिक ऊर्जा साठलेली असते. घरगुती वापरात अजूनही पुष्कळ ठिकाणी दिसणारा शिसे व आम्ल यांचा घट फ्रान्सच्या गास्ताँ प्लांते याने १८५९ साली तयार केला. या घटात एक पट्टी सच्छिद्र शिशाची आणि दुसरी लेड डायऑक्साइडची असून दोन्ही सौम्य गंधकाम्लात बुडविलेल्या असतात. घट वीज देऊ लागला की दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट जमते, आम्ल खर्ची पडते व पाणी तयार होते. बाहेरून उलट दिशेने प्रवाह दिला की ही क्रिया मागे फिरते आणि घट पुन्हा भारित होतो.

आम्ल खर्ची पडत असल्यामुळे द्रवाची घनता घटते. म्हणून गुरुत्वमापकाने द्रवाचे विशिष्ट गुरुत्व पाहिले असता बॅटरी किती भरलेली आहे ते कळते. पूर्ण भारित घटात ते १.२४ च्या आसपास असते; रिकाम्या घटात ते १.१ च्या जवळ येते. एका घटाचा दाब सुमारे २ व्होल्ट असतो. सहा घट एकापुढे एक जोडले म्हणजे परिचयाची १२ व्होल्टची बॅटरी होते.

रिकामी बॅटरी तशीच पडू दिली तर लेड सल्फेटचे कण मोठे व कठीण होत जातात आणि पुढे भारणाने विरघळत नाहीत. बॅटरी अकाली निकामी होण्याचे हे एक प्रमुख कारण होय. म्हणून वीज परत येताच तिला पूर्ण भारित होऊ द्यावे, मध्येच यंत्र बंद करू नये.

३. इन्व्हर्टरचे कार्य

बॅटरीतून मिळणारा प्रवाह एकाच दिशेने वाहतो. घरातील वीज मात्र २३० व्होल्ट दाबाची असून तिची दिशा सेकंदाला ५० आवर्तनांच्या गतीने बदलत असते. एकदिश प्रवाहाचे प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करणाऱ्या यंत्रास इन्व्हर्टर म्हणतात. वीज असताना हेच यंत्र बॅटरी भारित करते. वीज जाताच आतील स्विच फिरतो व घराचा भार बॅटरीवर येतो.

स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी आकाराचा प्रवाह देतात. त्यावर दिवे लागतात, परंतु पंखा गुणगुणतो आणि त्याचे वेटोळे अधिक तापते. खांबावरून येणाऱ्या विजेसारखा ज्यावक्री प्रवाह देणारे इन्व्हर्टर महाग असले, तरी पंखे व नाजूक उपकरणे यांना तेच योग्य होत.

स्विच फिरण्यास थोडा अवधी लागतो. दिव्याच्या बाबतीत तो डोळ्यांना कदाचित जाणवतही नाही. संगणकाच्या वीजपुरवठ्यातील धारित्र मात्र साधारण एका आवर्तनापुरता, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतकाच, प्रवाह टिकवून धरते. त्याहून अधिक विलंब झाला तर संगणक बंद पडतो व न साठविलेले काम नष्ट होते. म्हणून संगणकासाठी जलद स्विच असलेला यूपीएस वापरतात. अनेक घरगुती इन्व्हर्टरांवर ‘यूपीएस’ आणि ‘साधा’ अशा दोन स्थिती असतात. संगणक जोडलेला असल्यास पहिली निवडावी.

४. हिशेब कसा करावा?

बॅटरीवर ‘१२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास’ असे लिहिलेले असते. सामान्यतः याचा अर्थ असा की ती ७.५ अँपिअर प्रवाह २० तास देऊ शकेल. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार १,८०० वॉट-तास येतो. ही झाली वाटीतील तेलाची मोजदाद.

परंतु सगळेच तेल वातीपर्यंत पोहोचत नाही. रूपांतरात सुमारे पाचवा हिस्सा उष्णतेच्या रूपाने जातो, तेव्हा १,४४० वॉट-तास उरतात. शिवाय प्रवाह वेगाने घेतल्यास शिशाची बॅटरी आपली पूर्ण क्षमता देत नाही, आणि तिला तळापर्यंत रिकामी करणे तिच्या आयुष्यास घातक असते. म्हणून आणखी चौथा हिस्सा राखून १,०८० वॉट-तास हाती आहेत असे धरावे.

आता एका घराचा भार पाहू. ७५ वॉटचे दोन पंखे मिळून १५०, ९ वॉटचे चार एलईडी दिवे मिळून ३६, दूरचित्रवाणी ६०, इंटरनेटचे राउटर १२. एकूण २५८ वॉट. १,०८० ला २५८ ने भागिले असता उत्तर ४ तासांहून थोडे अधिक येते. दूरचित्रवाणी बंद केली तर भार १९८ वॉट होतो आणि अवधी सुमारे साडेपाच तास होतो. जुन्या पंख्यांऐवजी ३० वॉटचे, ब्रश नसलेल्या मोटरीचे पंखे बसविले, तर भार केवळ १०८ वॉट राहून तीच बॅटरी १० तास पुरते. यावरून असे दिसते की मोठी बॅटरी घेण्यापूर्वी भार कमी करणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

इन्व्हर्टरवरील ‘९०० व्हीए’ हा आकडा वेगळी गोष्ट सांगतो. यंत्र एका वेळी किती भार उचलू शकेल, एवढेच त्यावरून कळते. किती वेळ, हे नाही. ०.८ शक्तिगुणक धरल्यास ही मर्यादा ७२० वॉट होते. शीतकपाट सुरू होताना त्याची मोटर क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. म्हणून लहान इन्व्हर्टरवर शीतकपाट, पाण्याचा पंप अथवा इस्त्री लावू नये.

घरात श्वसनास साहाय्य करणारे यंत्र लागणारा रुग्ण असेल तर त्या यंत्राचा भार प्रथम मोजावा, आणि त्यासाठी स्वतंत्र बॅटरी राखावी. गाजासारख्या वादळात कोणतीही घरगुती बॅटरी दिवसचे दिवस पुरणार नाही; अशा रुग्णास वादळाची सूचना मिळताच वीज खात्रीने उपलब्ध असलेल्या रुग्णालयाजवळ हलविणे हेच इष्ट.

५. बॅटरी कोठे ठेवावी?

भारणाच्या अखेरीस बॅटरीतील पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन हे वायू बाहेर पडतात. हवेत हायड्रोजनचे प्रमाण शेकडा ४ झाले की एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून बॅटरी बंद कपाटात, झोपण्याच्या खोलीत, किंवा जेथे समई तेवते त्या देवघरात कधीही ठेवू नये. मागील पडवीतील वारा खेळणारी, पण ऊन व पाऊस न लागणारी जागा चांगली. जेथे पुराचे पाणी शिरण्याचा संभव असेल तेथे ती भक्कम चौथऱ्यावर ठेवावी.

उष्णता हा बॅटरीचा दुसरा शत्रू. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की तिचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. कुंभकोणमच्या उन्हाळ्यात हा नियम विशेष ध्यानात ठेवावा.

द्रवाची पातळी खाली गेल्यास केवळ ऊर्ध्वपातित पाणी घालावे. नळाचे पाणी वा आम्ल घालू नये. काम करताना बांगड्या, अंगठी व गळ्यातील सोने काढून ठेवावे. दोन्ही टोकांना धातूचा स्पर्श झाला तर तो क्षणात लालबुंद होतो. आम्ल त्वचेवर वा डोळ्यांत उडाल्यास भरपूर पाण्याने बराच वेळ धुवावे आणि डोळ्यांसाठी वैद्यास अवश्य गाठावे.

हल्ली लिथियम लोह फॉस्फेटच्या बॅटऱ्याही मिळतात. त्या हलक्या असतात, त्यांत पाणी घालावे लागत नाही व त्या अधिक खोलवर रिकाम्या करता येतात. परंतु त्यांना त्यांच्यासाठीच बनविलेला भारक लागतो, आणि फुगलेली वा पाण्यात बुडालेली अशी बॅटरी पुन्हा वापरणे धोक्याचे असते.

६. शेजारधर्म

एक चूक मात्र अशी आहे की तिचे फळ भलत्यालाच भोगावे लागते. काही जण इन्व्हर्टर वा जनित्राची तार घरातील एखाद्या सॉकेटमध्ये खुपसून सगळ्या घरात वीज खेळवितात. मुख्य स्विच चालू राहिला असेल तर हा प्रवाह उलट दिशेने रस्त्यावरील तारांत जातो. रोहित्र जसे ११,००० व्होल्टचा दाब उतरवून घरापर्यंत आणते, तसेच ते घरून आलेला दाब चढवूही शकते. तार मृत आहे असे समजून वादळानंतर खांबावर चढलेल्या वायरमनच्या हाताला हा प्रवाह भेटतो. म्हणून जोडणी परवानाधारक कारागिराकडूनच करवून घ्यावी. बॅटरीवरील दिवे-पंख्यांच्या तारा वेगळ्या असाव्यात आणि भूसंपर्क पक्का असावा.

आणखी एक गोष्ट. बॅटरी वीज निर्माण करीत नाही. भारण व रूपांतर यांतील घट धरता, तारेतून घेतलेल्या विजेपैकी सुमारे दोन-तृतीयांशच परत मिळते. तुटवड्याच्या काळात पुरवठा सुरू होताच घरोघरच्या बॅटऱ्या एकाच वेळी वीज ओढू लागतात, आणि मूळचा तुटवडा वाढतो. गरजेपुरत्याच वाती लावणे हे यासाठीही उचित आहे.

बॅटरी निकामी झाली की ती भंगारात फोडू देऊ नये. शिसे विषारी असून लहान मुलांच्या मेंदूस त्यापासून विशेष अपाय होतो. २०२२ च्या केंद्रीय नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांवर योग्य प्रक्रिया करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. जुनी बॅटरी विक्रेत्याकडे परत द्यावी.

अभ्यास

(१) आपल्या घरातील प्रत्येक उपकरणावरील वॉटचा आकडा लिहून काढा. वीज गेल्यावर त्यांपैकी खरोखर आवश्यक कोणती, ते ठरवा.
(२) १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीवर १२० वॉटचा भार किती वेळ चालेल? वरील रीतीनेच घट वजा करा. (उत्तर : ६ तास)
(३) बॅटरीचा द्रव तपासून ती भरलेली आहे की नाही हे का कळू शकते, ते आपल्या शब्दांत सांगा.
(४) दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या घरातील इन्व्हर्टरपासून धोका पोहोचू नये म्हणून कोणती काळजी घ्याल?