यंत्राआधी नमुना

गावाच्या पाण्याची गुणवत्ता सुधारण्यासाठी ग्रामपंचायतीला सरकारी पैसा मुख्यतः दोन वाटांनी मिळत आला आहे. पहिली वाट वित्त आयोगाची. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021-22 ते 2025-26 या काळातील अनुदानात 60 टक्के रक्कम बंधित होती. त्यातली निम्मी स्वच्छतेसाठी, निम्मी पिण्याचे पाणी, पाऊसपाण्याची साठवण आणि पुनर्वापर यांसाठी. दुसरी वाट 2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनची. प्रत्येक घरी नळाने दरडोई रोज 55 लिटर शुद्ध पाणी पोहोचवणे हे तिचे उद्दिष्ट, आणि गावातल्या कामांसाठी साधारणपणे 10 टक्के लोकवर्गणी ही तिची अट.

पैसा असूनही काम कसे फसते, हे प्रस्तुत लेखक सदस्य असलेल्या ग्रामपंचायतीत दिसले. पावसाळ्यात जुलाबाची साथ आली. ग्रामसभेत ‘आरओ बसवा’ एवढीच मागणी झाली. आराखड्यात नाणे टाकून पाणी देणारे तेच शुद्धीकरण यंत्र धरले गेले. ठरावाला अनुमोदन खुद्द लेखकाचे होते. पाण्याचा नमुना कोणीच तपासला नाही. वर्षभरात मेम्ब्रेन चोंदले, वीजबिल थकले, नाणे टाकायच्या फटीत गांधीलमाशीने घर केले. पुढच्या पावसाळ्यात साथ पुन्हा आली, तेव्हा मूळ सापडले. व्हॉल्व्हच्या खड्ड्यात गटाराचे पाणी साचत होते. नळाची वेळ संपून पाइपातला दाब उतरला की गळक्या जोडातून तेच आत ओढले जाई. दुरुस्तीला लागला एक व्हॉल्व्ह, दोन पोती सिमेंट आणि एका दिवसाची मजुरी.

म्हणून प्रस्तावाआधी तीन ठिकाणचे नमुने प्रयोगशाळेत द्यावेत: उद्भव (पाण्याचा मूळ स्रोत), टाकी आणि शेवटच्या घराचा नळ. टाकीतले पाणी चांगले आणि शेवटच्या नळाचे दूषित असेल, तर दोष पाइपात आहे. उद्भवातच जिवाणू असतील, तर आधी विहिरीचा परिसर आणि टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पाहावी. पोते उघडे राहिले की टीसीएलमधला क्लोरीन उडतो, मग पावडर टाकूनही पाण्यातला क्लोरीन दाखवणाऱ्या ओटी टेस्टला पिवळा रंग येत नाही. शेवटच्या नळालाही लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा. नायट्रेट लिटरमागे 45 किंवा फ्लोराइड 1.5 मिलिग्रॅमच्या वर असेल, तर टीसीएलचा उपयोग नाही. तेथे दुसरा उद्भव शोधावा किंवा शुद्धीकरण यंत्र घ्यावे.

यंत्र घ्यायचेच ठरले, तर वीज, मेम्ब्रेन आणि चालवणाऱ्याचे मानधन यांचा वर्षाचा हिशेब ठरावातच मांडावा आणि त्यानुसार पाणीपट्टी ठरवावी. अंतिम बिल देण्याआधी त्याच तीन ठिकाणचे नमुने पुन्हा तपासावेत. मोजमाप पुस्तिकेत पाइपाची लांबी लिहिली जाते, पाणी पिण्याजोगे झाले की नाही हे नाही. ती नोंद ग्रामसभेनेच मागून घ्यावी.